रामकिसनचे डोळे

औरंगाबादला गुलमंडीच्या मागच्या बोळात पहिल्या मजल्यावर एक फोटो स्टुडिओ होता. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. गयासभाई त्या स्टुडिओत एकोणसत्तर साली कामाला लागले आणि स्टुडिओ बंद पडला तोपर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षं, त्यांनी एकच काम केलं. रिटचिंगचं. फोटो मालक काढायचे. गयासभाई खिडकीपाशी तिरप्या काचेच्या मेजावर बसून निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं देवीचे व्रण बुजवायचे, तिरळा डोळा सरळ करायचे, स्थळाला पाठवायच्या फोटोत पुढं आलेला दात मागं न्यायचे. माझ्या कपाळावर लहानपणीच्या खोकेची खूण आहे. माझ्या लग्नाच्या फोटोत ती नाही. ती गयासभाईंनी घालवली.

आमची ओळख तिथून. पुढं मी बँकेतून निवृत्त झालो आणि संध्याकाळचा रोशन गेटला त्यांच्या घरी जाऊन बसू लागलो. त्यांच्याइतका बोलका माणूस मी पाहिला नाही. कुठल्याही घराचं नाव काढा, त्या घराचा फोटो ते तोंडानं उभा करायचे. अमक्यांच्या नवरदेवाचा कोट स्टुडिओचा होता आणि मागून चिमटे लावून तो बसवला होता. तमक्यांच्या आजीबाई कॅमेऱ्याकडं बघेनात, तेव्हा मालकांनी पडद्यामागून मांजराचा आवाज काढला होता. गयासभाईंच्या बायकोला, जमिलाभाभींना, या गोष्टी पाठ होत्या. त्या चहा ठेवून आत निघून जायच्या.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांची मुलं सगळं भंगारात काढायला निघाली होती. लोक फोटो काढून जायचे आणि पुष्कळदा न्यायला यायचेच नाहीत. अशी शेकडो पाकिटं, आत निगेटिव्ह, वर पेन्सिलीनं नाव आणि गाव. गयासभाईंनी ती दोन पत्र्याच्या पेट्यांत भरून घरी आणली. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. तो आला की म्हणायचा, अब्बा, हे टाकून द्या, वाळवी लागेल. गयासभाई म्हणायचे, कुणीतरी येईल न्यायला.

आली ती मृण्मयी. दोन वर्षांपूर्वी.

मृण्मयी इथलीच, औरंगपुऱ्यातल्या एका डॉक्टरांची मुलगी, तिशीची. बडोद्याला चित्रकला शिकून परत आलेली. पडेगावला एका रिकाम्या गोदामात तिनं आपलं कामाचं ठिकाण केलं होतं. तिच्या आजीचं घर विकलं तेव्हा घरातले सगळे अल्बम रद्दीत गेले होते आणि ते शोधायला म्हणून ती शहागंजच्या रद्दीवाल्यांकडं फिरू लागली. आजीचे फोटो मिळाले नाहीत, दुसऱ्यांचे मिळाले. कुणाकुणाचे, न ओळखीचे. तिला त्याचं वेड लागलं. त्यांतल्या पुष्कळ फोटोंच्या मागं एक बारीक ‘ग’ लिहिलेला होता. हा ‘ग’ कोण, हे विचारत विचारत ती गयासभाईंच्या दारात आली.

पुढं वर्षभर ती दर रविवारी यायची. जमिनीवर मांडी घालून बसायची, एकेक पाकीट उघडायची, हे कोण विचारायची, आणि मोबाइल समोर ठेवून गयासभाईंचं बोलणं भरून घ्यायची. मला खरं सांगायचं तर हेवाच वाटायचा. आम्ही ऐकायचो ते वेळ घालवायला. ती ऐकायची ते एखादी विद्या शिकावी तसं. गयासभाई तिला बेटा म्हणू लागले. ती येणार म्हणून सकाळी दाढी करू लागले. पेट्या घेऊन जाते, सगळं स्वच्छ करते, प्रत्येकाची कॉम्प्युटरवर प्रत काढते आणि परत आणते, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी दोन्ही पेट्या तिच्या गाडीत स्वतः उचलून ठेवल्या.

त्या आधीच्या एका रविवारी त्यांनी तिला रामकिसनची गोष्ट सांगितली होती. ती त्यांनी आम्हांलाही कधी सांगितली नव्हती.

गोष्ट एकोणऐंशी सालची. भर दुपारी एक माणूस जिना चढून आला. पाचोडचा, लक्ष्मण नावाचा. खांद्यावर तीन वर्षांचं पोर, रामकिसन, टॉवेलात गुंडाळलेलं. मालकांना वाटलं पोर झोपलंय. लक्ष्मण म्हणाला, दवाखान्यातून आणलंय, सकाळी गेलं, खाली जीप उभी आहे, घरी याचा एकबी फोटो नाही. मालक मागं सरले. गयासभाईंनी पोराला घेतलं, खुर्चीवर बसवलं, केस विंचरले आणि मालकांना म्हणाले, काढा.

फोटो काढून झाल्यावर लक्ष्मणनं विचारलं, याचे डोळे उघडे करता येतील का? पोराची आई घरी आठ महिन्यांची गरोदर होती. तिला हा असा फोटो दाखवता येणार नव्हता. पैठणच्या जत्रेला त्यानं मुलाला नेलं होतं, तेव्हाच तिथं काढला होता म्हणून सांगीन, असं तो म्हणाला. गयासभाईंनी विचारलं, डोळे कसे होते? लक्ष्मणनं बराच विचार केला आणि सांगितलं, त्याच्या आईसारखे.

आईला कुठून बघणार? गयासभाईंचं नुकतंच लग्न झालं होतं. आठ दिवस घरी येऊन ते जमिलाभाभींना दिव्यासमोर बसवायचे आणि त्यांचे डोळे बघून दुसऱ्या दिवशी मोठ्या केलेल्या फोटोवर ब्रशनं थोडे थोडे काढायचे. मग त्या रंगवलेल्या फोटोचा पुन्हा फोटो काढला. लक्ष्मण तो न्यायला आला. बघितला आणि म्हणाला, कुणाला बोलू नका. गयासभाईंनी शब्द दिला. पाकिटात दोन निगेटिव्ह राहिल्या, एक मिटल्या डोळ्यांची, एक उघड्या.

पंचेचाळीस वर्षं त्यांनी तो शब्द पाळला आणि मग मृण्मयीपुढं मोडला. का मोडला, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. सरळ सांगितलं, त्यात आडपडदा ठेवला नाही. “माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम ते होतं. कुणी बघितलंच नव्हतं. ती पोरगी जाणकार होती. वाटलं, मरायच्या आधी एकानं तरी बघावं.” तिला मात्र त्यांनी बजावलं होतं की हे पाकीट बाहेर जायचं नाही. तिनं मान हलवली होती.

त्या दिवशी ती गेल्यावर जमिलाभाभी बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, “पूछ को आए थे क्या उनकू?” त्या घरच्यांना विचारलं होतं का? गयासभाई हसले आणि विषय सोडला.

मागच्या डिसेंबरात मृण्मयीचं प्रदर्शन भरलं. औरंगपुऱ्याजवळच्या एका दालनात, आठ दिवस. आम्ही दोघं उद्घाटनाला गेलो. गयासभाईंनी शेरवानी घातली होती. पहिल्या रांगेत बसवलं, तिनं भाषणात त्यांना आपले गुरू म्हटलं, अंगावर शाल घातली. लोक उठून टाळ्या वाजवत होते. मग आम्ही फोटो बघायला निघालो.

फोटो पुरुषभर उंचीचे केलेले. जवळ गेलं की चेहरा दिसेना, नुसते ठिपके. पहिल्या खोलीत गयासभाई थबकत थबकत चालले होते, ही शहाबाजारची, हे वेरूळचे पुजारी, असं मला हळूच सांगत. मी पाट्या वाचत होतो. प्रत्येक पाटीवर एकच शब्द होता, ‘अनोळखी’. अनोळखी जोडपं. अनोळखी बहिणी. अनोळखी माणूस, उसना कोट घातलेला. गोष्टी सगळ्या गयासभाईंच्या होत्या, नावं तेवढी गाळलेली.

शेवटच्या भिंतीवर ती जोडी होती. डावीकडं मिटलेले डोळे, उजवीकडं उघडे. पाटी अशी: ‘अनोळखी मूल, मृत्यूनंतर. डोळे नंतर रंगवलेले. औरंगाबाद, १९७९.’

गयासभाई उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मी उतरताना पाहिला. तेवढ्यात मृण्मयी आली, चार माणसं बरोबर, त्यांतला एक वर्तमानपत्राचा. ती उत्साहात होती. हेच ते, असं म्हणून तिनं गयासभाईंचा हात धरला आणि त्यांना त्या जोडीपुढं उभं केलं. फोटोवाला म्हणाला, काका, जरा हसा.

ते हसले.

मी तिथंच होतो. मीही काही बोललो नाही.

पाच दिवसांनी पाचोडहून बद्रीनाथ गयासभाईंच्या घरी आला. लक्ष्मणचा धाकटा मुलगा, तेव्हा आईच्या पोटात होता तो. पंचेचाळिशीचा, पाचोडला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, नखांत काळं वंगण. त्याची मुलगी मनस्विनी इथं कॉलेजात शिकते. ती मैत्रिणींबरोबर प्रदर्शन बघायला गेली आणि त्या भिंतीपुढं जाऊन उभी राहिली. उजवीकडचा फोटो तिच्या घरी देवाच्या फळीशेजारी लावलेला आहे. जन्मल्यापासून ती तो बघत आलेली. शेजारी दुसरा बघून तिला एकटीला काही कळेना, म्हणून तिनं दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवला. बद्रीनाथचा फोन नेमका त्याच्या आईच्या, भामाबाईंच्या हातात होता.

बद्रीनाथ बसला नाही. त्यानं खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. शाल पांघरलेले गयासभाई हसतायत आणि पाठीमागं त्याचा भाऊ.

“हे तुमीच ना?” त्यानं विचारलं.

गयासभाई हो म्हणाले.

“आई तीन दिस झालं जेवली नाय. फोटोकडं पाठ करून बसती. मी भांडायला नाय आलो. माझ्या बापानं तुमच्यावर इस्वास ठेवला व्हता, येवढं सांगायला आलो.”

तो जिना उतरून गेला. जमिलाभाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, असं गयासभाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच एसटीनं पाचोडला गेले. आठवडी बाजाराचा दिवस होता. दुकान विचारत विचारत ते घरी पोचले. बद्रीनाथनं त्यांना दारातच अडवलं असतं, पण आतून भामाबाई म्हणाल्या, येऊ दे.

भामाबाई सत्तरीच्या आसपासच्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या. गयासभाईंनी खाली बसून जसं घडलं तसं सगळं सांगितलं, जीप, टॉवेल, खुर्ची, आठ दिवस. लक्ष्मणनं काय मागितलं, ते. आपण कुणाला सांगितलं आणि का, तेही. भामाबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाल्या:

“त्या अंगीवर मला संशय आला व्हता. ती अंगी मी जत्रंच्या मागून शिवली. दवाखान्यात नेताना मीच घातली त्याला. मग जत्रंच्या फोटोत कशी? पण डोळे उघडे व्हते. मेल्यावर नसंल काढला, येवढं मनाशी धरलं नि गप बसले. यांना कदी इचारलं नाय.”

मग त्यांनी विचारलं, “डोळे कुणाचे हायेत?”

गयासभाई मला म्हणाले, इथं खोटं बोलायची फार इच्छा झाली. लक्ष्मणनं सांगितलं तसे काढले म्हणावं. पण त्या बाईशी दोन माणसं आधीच खोटं बोलली होती आणि त्यांतले एक ते स्वतः होते. त्यांनी सांगितलं, माझ्या बायकोचे.

भामाबाई उठल्या, भिंतीवरचा फोटो काढला आणि पालथा करून फळीवर ठेवला. मग त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या, “मला खरा पायजे. मिटल्याला. तेवढा आणून द्या.”

खरा फोटो मृण्मयीकडं होता. गयासभाई पडेगावला गेले तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून मी बरोबर गेलो. गोदामात उंच फळ्यांवर खोके लावलेले, प्रत्येकावर आकडा. पत्र्याच्या पेट्या कुठं दिसल्या नाहीत.

मृण्मयीनं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. तिला मनस्विनीकडून सगळं कळलं होतं. ती रडवेली झाली होती आणि ते नाटक नव्हतं, हे मला सांगायला हवं. पण गयासभाईंनी विचारलं, बेटा, मी नको म्हटलं होतं ना? तेव्हा ती म्हणाली, “काका, मी नाव कुठं लिहिलं? तुमचा शब्द मोडू नये म्हणूनच नावं गाळली. नाव लिहिलं की फोटो एका घराचा होतो. नाव नसलं की प्रत्येकाला त्यात आपलं कुणीतरी दिसतं. लोक रडत होते तिथं, तुम्ही बघितलं नाही का?”

गयासभाई म्हणाले, त्या लोकांचं कुणी मेलं नव्हतं.

दोन्ही निगेटिव्ह आणि दोन्ही पेट्या त्यांनी परत मागितल्या. मिटल्या डोळ्यांची निगेटिव्ह तिनं लगेच आणून दिली आणि स्वतः तिची एक चांगली प्रत काढून दिली. उघड्या डोळ्यांचीही दिली. पेट्यांचं म्हणाल तर एकीतलं सामान आता नीट लावून झालंय, ते नेता येईल. दुसऱ्या पेटीतलं पुण्याच्या प्रदर्शनाला आधीच पाठवलंय. आणि कॉम्प्युटरवरच्या प्रती राहतील, वर्षभराचं काम आहे ते, पुसता येणार नाही. हे सगळं ती मऊ आवाजात, समजावून सांगत होती. मग म्हणाली, “फोटो द्यायला मीपण येऊ? काही करणार नाही, कोपऱ्यात बसेन. फक्त आवाज रेकॉर्ड करीन. त्या आईंनी तो हातात घेतला की काय म्हणतात...”

गयासभाईंनी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं आता ते ओरडतील. ते नको म्हणाले, पाकीट छातीशी धरलं आणि उठले.

ती दारापर्यंत आली. “काका, ही गोष्ट आता तुमच्या एकट्याची राहिलेली नाही,” ती म्हणाली. त्यात धमकी नव्हती. तिला मनापासून तसंच वाटत होतं. परत येताना गाडीत गयासभाई म्हणाले, माझी ती कधीच नव्हती, हीच तर भानगड आहे.

पाचोडला दुसऱ्या खेपेला मीच त्यांना गाडीनं नेलं. भामाबाईंनी फोटो दोन्ही हातांत घेतला आणि उजेडाला दारात जाऊन बसल्या. प्रदर्शनात मृण्मयीनं फक्त चेहरा मोठा केला होता. निगेटिव्हवरून काढलेल्या या प्रतीत पूर्ण खुर्ची होती. पोराची मान कलू नये म्हणून खुर्चीच्या पाठीमागून कुणीतरी हात घातला होता, चार बोटं आणि अंगठा. उघड्या डोळ्यांच्या फोटोतून तो हात गयासभाईंनी तेव्हा पुसून टाकला होता.

भामाबाईंनी आधी पोराचा चेहरा बघितला. बराच वेळ. मग त्यांचं बोट त्या अंगठ्यावर गेलं. अंगठ्याचं नख अर्धं होतं.

“ह्यो हात यांचा हाय,” त्या म्हणाल्या. “कडबा तोडताना गेलं व्हतं नख.”

आणि मग त्या रडल्या. पोरासाठी त्या पंचेचाळीस वर्षं रडत आल्या होत्या, आजचं रडणं नवऱ्यासाठी होतं. एवढं मेलेलं पोर धरून हा माणूस कॅमेऱ्यापुढं वाकून बसला, घरी येऊन जत्रेचं खोटं बोलला आणि मरेपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही, याचं. बद्रीनाथ दुकानातून आला होता, तो आईच्या शेजारी खाली बसला. आम्हा दोघांना तिथं कुठं बघावं कळेना.

रडणं थांबल्यावर त्यांनी फोटो पदरात गुंडाळला. पालथा ठेवलेला जुना फोटो फळीवरून आणला आणि गयासभाईंच्या पुढं ठेवला.

“ह्यो तुमचा,” म्हणाल्या. “यांनी माझ्यासाठी केलं. तुमी कुणासाठी केलं, ते तुमालाच ठावं. आता परत येऊ नका.”

गयासभाईंनी तो फोटो उचलला. हात जोडले. भामाबाईंनी हात जोडले नाहीत.

मृण्मयीचं पुण्याचं प्रदर्शन फेब्रुवारीत झालं. ती जोडी तिथं होती, असं गयासभाईंच्या मुलानं फोन करून सांगितलं. त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं, वडिलांचं नाव बघून तो खूश झाला होता. एक पेटी रोशन गेटला परत आली आहे. दुसरी अजून आलेली नाही. मृण्मयीचे फोन यायचे, ते त्यांनी घेतले नाहीत. मग यायचे थांबले.

मी अजून संध्याकाळी जातो. परत आलेल्या पेटीत मागच्या महिन्यात माझ्या काकांच्या नावाचं एक पाकीट निघालं. त्यात पाच माणसं होती, मला दोनच ओळखू आली. मी विचारलं, गयासभाई, ही मधली बाई कोण, आणि हे कुठल्या साली काढलं? पूर्वी असतं तर चहा थंड होईपर्यंत त्यांनी सांगितलं असतं. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, त्यांना आठवलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि त्यांनी तो पाकिटात घालून माझ्या हातात दिला.

“तुमच्या घरात कुणाला तरी विचारा,” ते म्हणाले.

घरात आता विचारण्यासारखं कुणी उरलेलं नाही. हे त्यांनाही माहीत आहे.